डस्टच्या ढिगाआड

पालीच्या अलीकडे रस्त्यासाठी खडी काढायची खाण होती. तिथे सुरुंग उडवायचं काम माझ्या हाताखाली चाले. जे झालं ते आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

सुरुंगाआधी क्रशरच्या डस्टच्या, म्हणजे दगडाच्या बारीक भुकटीच्या, ढिगावर टँकरने पाणी मारायचं आणि माणसांनी चढावर, पार रस्त्यापलीकडे जायचं, अशी आमची रीत. त्या दिवशी टँकर आला नाही आणि मी थांबलो नाही. ड्रिल चालवणारे काका गुडघ्यांनी अधू. चढाला कुरकुरत होते. मी म्हटलं, "काका, ढिगाआड बसा. दगड तिथे यायचा नाही."

दगड नाहीच आला. मी वरून बघत होतो. आधी धक्का आला, छातीवर थाप बसावी तसा. ढीग क्षणभर होता तसाच राहिला. मग त्याची काकांकडची बाजू उकलली आणि करड्या धुळीचे झोत त्यांच्या तोंडावर गेले.

यावर मी फार विचार केलाय. ढिगाने धक्का अडवला, हे खोटं नाही. पण अडवलेला धक्का जाईल कुठे? तो कणाकणांत वाटला गेला, आणि पलीकडच्या अंगाचे कण, ज्यांच्यापुढे अडवायला कोणी नव्हतं, ते सुटले. ओले असते तर एकमेकांना धरून राहिले असते.

काकांचा उजवा डोळा गेला. माझा परवाना जाईल या भीतीने मी कागदावर लिहिलं, की सांगूनही कामगार जागेवरून हलला नाही.

गेल्या महिन्यात संगमेश्वराकडे त्यांच्या गावी गेलो. काका घरापुढच्या खळ्यात सुपारी सोलत होते. मी सगळं सांगितलं, कागदाचंही. त्यांचा हात थांबला नाही.

"मला काय सांगता? मी तिथंच होतो," ते म्हणाले. "घरात सांगा. मी सांगून दमलो. कागद तुमचा, साहेबाचा. माझं कोण ऐकतंय?"

तेवढ्यात आतून काकी चहा घेऊन आल्या. कप घ्यायला काका उठले, तर उंबऱ्याशी त्यांचा पाय पाण्याच्या तांब्याला लागला. "एका डोळ्यानं तरी नीट बघा," काकी म्हणाल्या. "तेव्हाही कुणाचं ऐकलं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला.

"काकी," मी म्हटलं, "तिथे त्यांना मीच बसवलं होतं."