तिसरा दगड

बासिलियाचा हात मोडून आठ दिवस झाले आणि तिच्या दिराने, एलिसेओने, तिच्या कुरणावर हक्क सांगितला. आमच्या आंदीज पर्वतातल्या माळावर असा वाद गोफण मिटवते. नाल्याच्या अलीकडे उभं राहून पलीकडचा लांब मानेच्या लामांचा कळप जो तीन दगडांत वळवील, त्याचं कुरण. मी तिची शेजारीण.

पंच जमले, चघळायला कोकाची पानं वाटली गेली. बासिलिया आली ती मोडका उजवा हात गोफणीत अडकवून. काळ्या-पांढऱ्या लोकरीची ती गोफण तिने लग्नाआधी विणलेली. त्याच गोफणीने सरपण बांधायची आणि सणाला तीच कमरेला गुंडाळून आम्हा सगळ्यांना नाचून दमवायची. विधवा झाल्यावरही नाचली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"वहिनी, घरी बसून बटाटे सोला," एलिसेओ म्हणाला.

"सोलते की, भावजी. आधी तुमची हौस फिटू दे." तिने दातांनी गाठ सोडली. हात लोंबकळताच ती पांढरीफटक पडली. मी धरायला गेले तर खेकसली, "सर बाजूला!"

डाव्या हाताने भिरकावलेला पहिला दगड नाल्यात पडला. मग एलिसेओचा सणसणत गेला आणि कळपातल्या म्होरकीच्या मांडीवर बसला. कळप वळला. ती लामा मात्र लंगडत मागे राहिली.

"वळला!" एलिसेओ ओरडला.

दगड जनावराच्या नाकासमोर पाडायचा, अंगावर नाही, हे आमचं शेंबडं पोरही जाणतं. चार वर्षं शहरात राहून हा विसरला.

मुखिया सिप्रियानकाका म्हणाले, "जनावराला मारणारा बाद. कुरण तुझं, बासिलिया."

"त्याच्या चुकीवर मिळालेलं मला नको, काका. माझे दोन दगड उरलेत."

"पोरी, हात बघ तुझा!"

"हात माझा आहे ना?"

तोवर कळप पुन्हा पाठमोरा होऊन चरू लागला होता. दुसरा दगड पलीकडच्या काठावर आपटला. तिसऱ्याआधी तिने ओठ इतका चावला की रक्त आलं. दगड कळपातल्या पहिल्या लामाच्या नाकापुढे वीतभर अंतरावर पडला आणि सगळा कळप तिच्याकडे वळला. मी रडत होते, लाज कसली!

लंगडी तेवढी तिथेच उभी होती.

"भावजी, नाला ओलांडा," बासिलिया म्हणाली. "तिच्या चालीनं चालत तिला घेऊन या. घाई करायची नाही."

आणि सगळ्या गावादेखत तो गेला.