ढेपेवर उभी केलेली मोटार

साठ सालानंतर कधीतरी अकोल्याच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार मी घेतली आणि अमरावतीच्या आमच्या अंगणात ती बहुतेक वेळ उभीच राहू लागली. मी वकील. कोर्टात माझं कोणी ऐकत नसे, म्हणून घरी दुरुस्ती सुरू केली.

डॉक्टरांच्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "वकीलसाहेब, जॅकवर भरोसा नाई करायचा. खाली लाकडाचे ठोकळे लावल्याबिगर आंगावर मोटार घ्यायची नाई." सल्ला मी मानला, पण अर्धाच. ठोकळे नव्हते, म्हणून म्हशीसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेच्या चकत्या रचल्या. वाळलेली ढेप हातोड्यालाही दाद देत नाही.

"आवो, गोटे ठेवा," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ढेप काहून ठेवता?"

"जिले तेलाच्या घाण्यात इतकं दाबलं, ते एका मोटारीनं काय दबते? वकिली मी करून राहिलो का तू?"

ती आत भाकरी थापायला गेली. खटला मी जिंकला होता.

पुढचं चाक काढून मी मोटारीखाली उताणा सरकलो. बाहेर फक्त पाय. वर सायलेन्सरचा एक नट हटून बसला होता. अंगणातल्या काळ्या मातीत जॅक हळूहळू रुतत होता आणि मोटारीचा भार ढेपेवर येत होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त आवाज आला. कुरुम, कुरुम.

मी खालूनच ओरडलो, "ऐकून राहिली का? बेअरिंग गेलं! मी म्हनत नोतो का?"

इंजिन बंद असताना बेअरिंग कसं वाजतं, हा प्रश्न एवढ्या शिकलेल्या माणसाला पडला नाही.

ती पिठाच्या हातानंच बाहेर आली. "बेअरिंग नाई, म्हैस सुटली! ढेप खाऊन राहिली! निंगा बाहेर!"

"थांब, एकच नट राहिला."

पुढचा युक्तिवाद तिनं ऐकून घेतला नाही. माझे दोन्ही घोटे धरले आणि ज्वारीचं पोतं ओढावं तसं मला ओढलं. डोकं बाहेर येतं न येतं तोच मोटार धप्पकन खाली बसली. म्हैस दचकून दोन पावलं मागे सरली, पण तोंडातला तुकडा तिनं सोडला नाही.

धूळ खाली बसली. मघाशी माझी छाती होती तिथं आता लोखंड होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पाना आतच राहिला."

ती मटकन खाली बसली. माझे घोटे मात्र तसेच घट्ट धरलेले.

"सोड ना आता."

"नाई सोडत. तुमी अजून त्या नटाकडंच पाहून राहिले."

पाहत होतोच.