ईदीच्या कोऱ्या शेवया

अकोल्यात आमचं घर आणि खालांचं घर, मधे एक भिंत, भिंतीत एक दार. खाला म्हणजे आमच्या मुसलमान शेजारीण. माझे वडील वकील, त्यांचे यजमान कापसाचे दलाल. त्या दारातून कैऱ्या जात, सुईदोरा येई, मी तर दिवसभर इकडून तिकडे. येत नसे ते फक्त शिजवलेलं अन्न. ईदीला खाला आमच्याकडे कोरा शिधा पाठवत. शेवया, साखर, खारका, चारोळी. दूधसुद्धा आमच्याच पितळी गंजात, गवळ्याकडून परस्पर. आई ते आपल्या चुलीवर शिजवी. दोन्ही घरांना त्यात मानच वाटे हो, अपमान कोणालाच नाही.

मग गावात एक बोलपट लागला. दोन शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान. लोकांच्या सांगण्यावरून भांडतात, बोलणं टाकतात, आणि शेवटी तापानं फणफणलेला हिंदू शेजारी त्या दुसऱ्याच्या हातचं पाणी पितो. आई आणि खाला मला घेऊन गेल्या. बायकांची जागा पडद्याआड, दिवे मालवले की पडदा सरकवत. तिथं कोण कोणाला खेटून बसलं, कोण विचारतं? एकीचा पदर, एकीची ओढणी, दोन्ही ओले.

परतताना टांग्यात खाला हळूच म्हणाल्या, "त्यानं तं पाणी घेतलं. तुमी घेसान काय, बाई, माह्या हातचं?"

आईनं पदर सावरला आणि तोंड रस्त्याकडे वळवलं. मला वाटलं, झालं, आता उद्यापासून दार बंद. तर म्हणाली, "या ईदीले शिजवूनच पाठवा."

ईदीच्या दिवशी आईनं सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. सारखी दाराकडे बघे. थाळा आला, वर विणलेला रुमाल. तिनं तो उचलला, आणि खाली काय? त्याच कोऱ्या शेवया.

"पाह्यलं? मले परकीच समजते ते," आई म्हणाली. डोळे भरले तिचे. मग एकदम उठली, थाळा घेऊन दारातून थेट खालांच्या अंगणात. मी मागे.

"काहून वो? घरात लाकडं नव्हती काय शिजवाले?"

खाला घाबरल्याच. "बाई, मले वाटलं, पिक्चर पाहून आलेलं बोलणं. शिजवलेला थाळा परत आला असता, तं म्या कोठी तोंड लपवलं असतं?"

आई त्यांच्या बाजेवर बसली. "वाढा," म्हणाली.

खालांनी वाटी इतकी भरली की शिरखुर्मा बाहेर सांडला. आईनं वाटी चाटूनपुसून घेतली आणि पुन्हा पुढे केली. "वकीलसाहेबाले सांगसान काय?" खालांनी विचारलं. "त्यायले नेऊनच देतो ना," आई म्हणाली. दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या!

पुढे फार दिवस हे सुख लाभलं नाही. खालांचं बिऱ्हाड हैद्राबादेकडे गेलं, त्यांच्या भावांकडे. त्या घरात दुसरे लोक आले आणि मधलं दार विटांनी बुजवलं.

नंतरच्या ईदीला आईनं आपणच शिरखुर्मा केला. वडील म्हणाले, "छान झाला." आईनं एक घास घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"इतकी वर्षं भिंतीच्या पलीकडे शिजत होतं वो," ती म्हणाली, "अन् मी नुसत्या वासावर राह्यलो."