तहान नेमकी कुठं लागते?

मंडळी, आज मी घरातल्या थोरल्या माणसाला पाणी नाकारलं. आधी ऐका, मग शिव्या घाला.

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्वादुपिंडाला सूज आहे. तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. सगळं सलाइनवर. ओठांच्या नुसत्या साली निघताहेत.

दुपारी धारवाडहून काका आले, अप्पांचे थोरले भाऊ, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून शहाळं आणलेलं, तेसुद्धा फोडून, स्ट्रॉ घालून! नर्स ओरडली, "नीर कोडबेडी री!" पाणी देऊ नका.

"मग वाया कशाला घालवायचं?" म्हणत काका खाटेशेजारी बसून स्वतःच प्यायला लागले. पितापिता व्याख्यान सुरू. जुन्या वैद्यकग्रंथांत 'क्लोम' नावाचा अवयव सांगितलाय, तहानेचं मूळ तिथं. तो कुठला, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. कुणी फुप्फुस म्हणतं, कुणी पित्ताशय, कुणी स्वादुपिंड.

मग अप्पांवर वाकून म्हणाले, "तू सांग बघू, तहान नेमकी कुठं लागते?"

अप्पांनी बोट शहाळ्याकडं केलं.

"तिथं नव्हे रे, शरीरात!" आणि काकांनी तळाचं पाणी सुर्रकन ओढलं.

निघताना मला म्हणाले, "शहाळं फारच गोड होतं गं. घोटभर पाणी दे."

भरलेली बाटली माझ्या पिशवीत होती. म्हटलं, "काका, घरी जाईपर्यंत क्लोम दाबून धरा."

तुम्ही दिलं असतंत?