मुलाखतीची पाचवारी

मॅट्रिक होऊन काही महिने झाले होते. शिक्षिकेच्या जागेसाठी अकोल्याहून मुलाखतीचं पत्र आलं आणि घरात पहिला प्रश्न पडला, नेसायचं काय. वलगावात आमच्या वस्तीत सगळ्या बाया नऊवारीच नेसत, मीही तेच. शाळेतल्या बाई मात्र पाचवारी नेसत.

आईनं पेटीतून तिचं पांढरं, बारीक काठाचं लुगडं काढलं. नागपूरला धम्मदीक्षेच्या दिवशी ती हेच नेसली होती. त्यानंतर कधी तिनं ते अंगाला लावलं नव्हतं. तिनं हातानं मापून सरळ कात्री चालवली.

बाबा म्हणाले, "अवं, ते कावून कापून राहिली?"

"पेटीत ठेवून काय करू? पोरीले कामी येते."

उरलेल्या कापडाचा तिनं परकर शिवला. बाईंनी मला दोनदा नेसवून दाखवलं. तिसऱ्यांदा मी स्वतः नेसले, ती मुलाखतीच्या दिवशीच.

बडनेऱ्याला गाडी बदलताना पायरीवर माझाच पाय निऱ्यांवर पडला. डब्यात शिरले तेव्हा अर्ध्या निऱ्या हातात होत्या. बायकांचा डबा होता म्हणून बरं. मी तशीच दाराशी उभी राहिले.

खिडकीजवळ एक नर्सबाई बसल्या होत्या, अकोल्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर निघालेल्या. त्यांनी मला बघितलं आणि उठल्याच.

"पहिल्यांदा नेसली का?"

"हो. मुलाखत हाये माही."

त्यांनी दोघीतिघींना आडोशाला उभं केलं. परकराची नाडी अशी आवळली की माझा श्वास अडला. "साडी नाडीवर राहते पोरी, खांद्यावर नाही," त्या म्हणाल्या. हलत्या गाडीत त्यांनी निऱ्या घातल्या, स्वतःच्या पिशवीतल्या दोन पिना काढून एक खांद्याला अन् एक निऱ्यांना लावली. मग माझ्या तोंडाकडं बघून रुमाल पुढं केला. "एवढी पावडर कावून लावली? पूस. अन् कपाळावरचं तेलही पूस." मूर्तिजापूर येईपर्यंत मी माणसात आले होते.

मुलाखतीला तिघं होते. त्यांनी पाढे विचारले, एक उतारा वाचायला दिला. मग अध्यक्ष म्हणाले, "फळ्यावर एक वाक्य लिहा. वरच्या बाजूला, मागच्या मुलांना दिसेल असं."

फळा उंच होता. टाचा उचलून हात वर केला तेव्हा वाक्यापेक्षा जास्त लक्ष कमरेकडं होतं. काहीच सुटलं नाही, सरकलंही नाही. दुसरं वाक्य मी कुणी न सांगताच लिहिलं.

"अक्षर चांगलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "खेड्यात राहावं लागेल. राहाल?"

"राहीन."

"मग एक तारखेला हजर व्हा. पत्र पाठवतो."

बाहेर व्हरांड्यात येऊन मी भिंतीला टेकले. मनावरचं ओझं पार उतरलं होतं. आत मला कुणी कपड्यांबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

संध्याकाळी घरी पोचले तर आई दारातच होती. "लागली," मी म्हटलं. ती खाली बसली आणि मलाही हात धरून बसवलं.

बाबांनी विचारलं, "किती पोरं हायेत शाळेत?"

"विचारायचंच राहिलं," मी म्हणाले. त्यावर आई पहिल्यांदा हसली, मग आम्ही तिघंही.