दगडाखालची मेफ्लाय

ट्राउट पकडायला आलेला तो म्हातारा गळ बाजूला ठेवून नदीतले दगड उलटत होता. व्हिक्टोरियाच्या डोंगरात आम्ही पिकनिकला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दगडाखाली मेफ्लाय नावाच्या नाजूक पंखांच्या किड्याची तीन शेपट्यांची पिल्लं असतात. त्यांची जात ओळखली की तशीच दिसणारी पिसांची नकली माशी गळाला बांधायची, असं त्याने मला सांगितलं. बघून झालं की भांड्यावर झाकण ठेवावं तसा, हलक्या हाताने तो दगड जागेवर परत ठेवायचा.

पाच-सहा दगड झाले. खाली काहीच नव्हतं.

"गेल्या महिन्यात भरपूर होती," तो म्हणाला. "पाणी बिघडलं की आधी हीच मरतात, मेट."

सह्याद्रीत ट्रेकला वाहतं पाणी आम्ही बिनधास्त प्यायचो. त्याच सवयीने सकाळी मी मुलीची बाटली इथेच भरली होती.

मी तिला हाक मारली. "बाटली कुठंय?"

"आय वॉज थर्स्टी, बाबा," म्हणत तिने ती उलटी करून दाखवली. एक थेंबही पडला नाही.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग वाकून आणखी एक दगड उचलला. त्याखालीही काही नव्हतं. तो मात्र त्याने परत ठेवला नाही. हातात धरून तसाच उभा राहिला.