मावशीला मानेत सापडलेली दाढ

मावशी नुसती मान बघून माणूस किती वर्षं जगणार ते सांगते, अशी बिल्डिंगभर आवई आहे. ती लिफ्टमध्ये शिरली की लोक कॉलर वर करतात. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर ऐन उन्हाळ्यात मफलर उतरवला नाही.

सगळं खोटं. मावशी हॉस्पिटलात सोनोग्राफी करते. पक्षाघाताचा झटका आलेल्यांच्या मानेतल्या धमनीत चरबीचा थर किती साचलाय, ते पडद्यावर बघते. मऊ थर काळा दिसतो, तो फुटायची भीती. टणक थर पांढरा दिसतो, तो बहुधा गप्प बसतो. बाकी भविष्य तिला गॅसवरच्या दुधाचंही कळत नाही.

एकदा तिच्याकडे एक लिलाववाले काका आले. जन्मभर लोकांचं जुनं सामान पुकारून विकत आलेला माणूस. झटक्याने उजवा हात लुळा पडलेला, तोंड मात्र शाबूत.

"बोलू नका काका, आवंढाही गिळू नका. चित्र हलतं."

"बरं! मान डावीकडे, एक वार! काय हो, हे जेल थंडगार, अस्सल, फक्त मानेवर वापरलेलं..."

"काका!"

"दोन वार!"

मोठे डॉक्टर आले. ते प्रत्येक वाक्याआधी 'हे बघा' म्हणतात आणि बघतात भिंतीकडे. "हे बघा, धमनी साठ टक्के अरुंद. हे बघा, रक्तातला सूज दाखवणारा आकडा अडतीस, हवा पाचच्या आत. थर आतून पेटलाय. हे बघा, मान उघडून साफ करू."

"आणि माझा आवाज?"

"हे बघा, क्वचित घोगरा होतो."

लिलाववाल्यांनी डाव्या हाताने गळा चाचपला. घोगऱ्या माणसाला लिलावात कोण उभं करणार?

मावशीला चैन पडेना. पडद्यावर थर पांढराशुभ्र, टणक. मग रक्तात आग कसली? तिने यंत्राचा दांडा पुन्हा मानेवर फिरवला. जबड्याखाली टेकला मात्र, लिलाववाले टुणकन उडाले. धमनीतला थर कधी दुखत नाही!

"आ करा."

"मान बघताय ना तुम्ही?"

"आ करा म्हणते ना!"

मागच्या दाढेशी बोराएवढं गळू. तीन आठवडे लपवलेलं.

"दातांच्या डॉक्टरची भीती वाटते हो."

"आणि मान कापायची नाही वाटत?"

"तिथे झोपवतात तरी!"

मावशी तडक डॉक्टरांकडे गेली. "हे बघा," तिच्याही तोंडून निघून गेलं, "आधी दाढ काढू. दहा दिवसांनी रक्त परत तपासू. तोवर गोळ्या आहेतच."

डॉक्टरांनी भिंतीचा सल्ला घेतला. "हे बघा... बघू."

त्या संध्याकाळी घरी भाचीने, म्हणजे हे लिहिणारीने, लिलाववाल्यांचा आवाज काढून पैज पुकारली: काका दातवाल्याच्या दारातूनच पळणार, आकडा जागचा हलणार नाही! हॉस्पिटलच्या धोब्यावर मावशीचा भरवसा नाही, म्हणून ती मानेखालचे टॉवेल घरी आणून धुते. भाची हरली तर महिनाभर ते धुणं भाचीकडे.

दाढ निघाली आणि दहाव्या दिवशी आकडा आला चार. "हे बघा," डॉक्टर भिंतीला म्हणाले, "गोळ्यांवर भागेल." लिलाववाल्यांनी तिथल्या तिथे वॉर्डातली रिकामी खुर्ची खणखणीत आवाजात एका नर्सला विकून टाकली.

मावशी घरी आली ती टॉवेलांची पिशवी घेऊनच. "एकोणीस आहेत. आधी भिजत घाल, जेल वाळून कडक झालंय. आणि घासताना तोंड बंद, फेस आत जातो."